दोन दिवसांचं माल्टा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींचा ठरलेला निरोप असतो : "शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत, समुद्र हवा, फार महाग नको." त्यावर मी बहुतेक वेळा माल्टा सुचवते, म्हणजे इटलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रातला छोटासा बेटांचा देश. त्यानंतर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं वाचायला वेळ नसेल तर निदान शनिवार-रविवारच्या क्रमाचं आणि वाऱ्याचं, एवढी दोन वाचा. माल्टाच्या सहली फसतात त्या मुख्यतः या दोन गोष्टींमुळे.

माल्टाच का? सँटोरिनी, मायोर्का, सिसिली का नाही?

आकारामुळे. सिसिली पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. दोन दिवसांत तिथलं एखादं शहर होतं, बेट होत नाही. मायोर्का साडेतीन हजारांच्या पुढे. माल्टाचं मुख्य बेट फक्त २४६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनही बरंच लहान. लांबी जेमतेम २७ किलोमीटर. विमानतळापासून राजधानी व्हॅलेटा सुमारे आठ किलोमीटरवर, त्यामुळे उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही खोलीत असता. सँटोरिनीला मोसमाबाहेर गेलात तर निम्मी हॉटेलं बंद आणि विमान बहुधा अथेन्सला बदलावं लागणार. माल्टा बाराही महिने चालू असतं.

उणी बाजूही सांगते. माल्टा हिरवंगार नाही. पिवळसर चुनखडीचा दगड, काटेरी निवडुंग, आणि जिकडेतिकडे बांधकामाच्या क्रेन. नारळ-पोफळी आणि लांबच लांब वाळू डोळ्यांसमोर असेल तर कोकण परवडलं. माल्टाला जायचं ते तटबंद्या, गल्ल्या, पाच हजार वर्षांपूर्वीची देवळं आणि खडकांवरून थेट खोल पाण्यात मारायच्या उडीसाठी.

भारतातून फक्त वीकेंडसाठी जाता येईल का?

नाही. थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी बदलावं लागतं, आणि जाण्यायेण्यातच दोन दिवस संपतात. भारतातून येणार असाल तर इटलीच्या सहलीला जोडून घ्या. सिसिलीतल्या पोत्झाल्लो बंदरातून व्हॅलेटाला वेगवान बोट येते, पावणेदोन तासांच्या आसपास लागतात.

व्हिसा लागतो का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. माल्टा डिसेंबर २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशा शेंगेन देशाचं रहिवासी कार्ड असेल तर वेगळा व्हिसा नको. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा. शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये जातोय म्हणून पासपोर्ट घरी ठेवणारे महाभाग असतात, तसं करू नका.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तिथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तरी तो गेलेला असायला हवा. सोबत ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं. थोडक्यात, लंडनहून "या शनिवारी जाऊ" असं उठून निघता येत नाही.

एक बारीक गोष्ट. काही स्वस्त विमान कंपन्या युरोपीय पासपोर्ट नसलेल्यांची कागदपत्रं विमानतळावरच्या काउंटरवर तपासून बोर्डिंग पासवर शिक्का देतात. फोनवर पास आला म्हणून थेट सुरक्षा तपासणीत गेलात की गेटवरून परत पाठवतात. तेव्हा नेहमीपेक्षा अर्धा तास हाताशी ठेवा.

आई-बाबा भारतातून आमच्याकडे जर्मनीला आलेत. त्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. त्यांना नेता येईल?

येईल. जर्मनीतून माल्टाला जाणं हा शेंगेनमधलाच प्रवास, नवा प्रवेश मोजला जात नाही. फक्त विमान थेट घ्या, किंवा रोम, व्हिएन्ना अशा शेंगेनमधल्याच विमानतळावर बदला. लंडन, डब्लिन किंवा इस्तंबूलमार्गे तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढलंत तर शेंगेनबाहेर पडल्याची नोंद होते आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो.

चालण्याचं म्हणाल तर व्हॅलेटा चढउताराचं आहे. मधला रिपब्लिक स्ट्रीट बराचसा सपाट, पण बाजूच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरतात. गुडघे दुखत असतील तर खाली बंदरापासून वरच्या बराक्का बागेपर्यंत जाणारी लिफ्ट वापरा. वर जायचे किरकोळ पैसे पडतात, आणि बंदरातल्या फेरीबोटीचं तिकीट जवळ असेल तर तेही नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरअखेर. उन्हाचा कडाका ओसरलेला असतो, पण समुद्र उन्हाळाभर तापून अजून कोमट असतो. एप्रिल-मेमध्ये हवा सुरेख आणि माळरानावर रानफुलं, मात्र पाणी गार. फोटोत निळं दिसतं म्हणून उडी मारणारे किंचाळत बाहेर येतात.

जुलै-ऑगस्ट टाळा. पारा पस्तिशीच्या पुढे जातो, दगडी भिंती रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि गर्दी विचारू नका. त्यातही १५ ऑगस्टला सांता मारियाचा सण असतो. त्या आठवड्यात माल्टाचे लोक स्वतःच सुट्टीवर शेजारच्या गोझो बेटावर लोटतात, फेरीसाठी गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी स्वस्त आणि निवांत. दिवसा १५-१६ अंश, म्हणजे उत्तर युरोपातून येणाऱ्याला वसंतच. पण जुन्या दगडी घरांत हीटिंग बेताचंच आणि ओल फार. हिवाळ्यात खोली घेताना गरम हवेच्या एसीबद्दल आधी विचारा.

विमान किती वाजताचं घ्यावं?

शुक्रवारी रात्री उशिरा पोहोचणारं आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे निघणारं. शनिवारी दुपारी उतरलात तर सहल अर्धी झाली. फ्रँकफर्टहून अडीच तासांच्या थोडं वर लागतं, लंडनहून तीन तासांच्या थोडं वर, रोमहून दीड तास. दोन दिवसांना पाठीवरची पिशवी पुरते. मोठ्या बॅगेचे पैसे भरण्यापेक्षा तेच जेवणावर घाला.

राहायचं कुठे? सगळे स्लीमा, सेंट ज्युलियन्स सुचवतात.

सुचवतात, कारण तिथे हॉटेलं जास्त आहेत. सेंट ज्युलियन्सला लागून असलेलं पाचव्हिल हे नाइट क्लबचं ठिकाण. विशीतला ग्रुप असेल तर खुशाल जा. कुटुंबाला घेऊन शनिवारी रात्री तिथे झोपायला गेलात तर झोप विसरा.

दोन दिवसांसाठी व्हॅलेटा उत्तम. देशातल्या बहुतेक बस शहराच्या वेशीबाहेरच्या ट्रायटन कारंजापासून सुटतात, फेरीबोटी दोन्ही बाजूंनी, आणि दिवसभराचे पर्यटक परतल्यावर संध्याकाळी गल्ल्या तुमच्या. खोल्या महाग आणि लहान असतात. इमारतीला लिफ्ट आहे का, हे बुकिंग करण्याआधी विचारा. तिसऱ्या मजल्यावर गोल दगडी जिन्याने बॅग चढवताना आठवण येते.

व्हॅलेटा परवडत नसेल तर बंदरापलीकडची तीन शहरं बघा : बिरगू, सेंगलिया आणि बोरम्ला. मला स्वतःला बिरगू जास्त आवडतं. गल्ल्या अरुंद, दारात मांजरं, खिडक्यांना रंगीत लाकडी सज्जे, संध्याकाळी खुर्च्या बाहेर टाकून गप्पा मारणाऱ्या आज्या. फेरीने दहा मिनिटांच्या आत व्हॅलेटात येता. हिवाळ्यात मात्र फेरी संध्याकाळी लवकर बंद होते, मग बस किंवा टॅक्सी.

दोन दिवसांचा क्रम कसा लावावा?

यादी घेऊन नाही, वेळापत्रक घेऊन. व्हॅलेटातलं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. मार्साशलोक या कोळ्यांच्या गावचा प्रसिद्ध मासळीबाजार रविवारीच भरतो. या दोन गोष्टींनीच निम्मी सहल आखून टाकली : शनिवार व्हॅलेटाचा, रविवार मार्साशलोकचा. रविवारी सकाळी कॅथेड्रलच्या बंद दारासमोर उभी असलेली जोडपी दर आठवड्याला दिसतात.

शनिवारी उघडतानाच कॅथेड्रलला जा. बाहेरून अगदी साधं, किल्ल्यासारखं. १५७३ ते १५७८ मध्ये, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी (ख्रिस्ती लढवय्यांच्या पंथाने) बांधलेलं. आत पाऊल टाकलं की छतापासून खांबांपर्यंत सोनं. पण आधी खाली बघा. सगळी जमीन म्हणजे सरदारांच्या सुमारे चारशे संगमरवरी समाध्या, एकमेकींना चिकटून. रंगीत दगडांच्या जडावात हसणारे सांगाडे, वाळूची घड्याळं, कुलचिन्हं, तोफा. टोकदार टाचांचे बूट घालून आत सोडत नाहीत ते या फरशीसाठीच. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

बाजूच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाजोचं १६०८ सालचं चित्र आहे : संत जॉनचा शिरच्छेद. त्याचं हे सर्वांत मोठं चित्र, आणि सही असलेलं एकमेव. सही कुठे आहे ते शोधा. जॉनच्या मानेतून जमिनीवर सांडलेल्या रक्तातच त्याने नाव काढलंय. चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग नुसती रिकामी तपकिरी भिंत आहे, आणि त्या रिकामपणामुळेच खालच्या कोपऱ्यातल्या घोळक्यावरून नजर हलत नाही. त्याच वर्षी काराव्हाजोला सरदारकी मिळाली, मग मारामारीवरून तुरुंग, तिथून पलायन, आणि शेवटी याच दालनात, त्याच्या गैरहजेरीत, हकालपट्टी.

तिथून वरच्या बराक्का बागेत या. दुपारी १२ आणि ४ वाजता खालच्या चौथऱ्यावरून तोफ उडते. समोर ग्रँड हार्बर आणि पलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला, काराव्हाजो पळाला तो इथूनच. या बंदराचा मुंबईशीही एक जुना धागा आहे. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान प्रकरण तापलं तेव्हा ब्रिटिश सरकारने मुंबईहून जहाजं भरून सुमारे सात हजार हिंदी सैनिक इथे आणले होते. लढाई झालीच नाही. काही आठवडे माल्टात काढून ते पुढे सायप्रसला गेले.

मग लिफ्टने खाली, फेरीने बिरगू. बोट चुकली तर दायसा नावाच्या छोट्या रंगीत होड्या असतातच, आणि त्या जास्त मजेच्या. सेंगलियाच्या टोकाला टेहळणीचा एक दगडी बुरूज आहे, त्याच्यावर डोळा आणि कान कोरलेले आहेत. संध्याकाळचं ऊन व्हॅलेटाच्या तटावर पडतं ते बघायला तीच जागा.

रविवारी ८१ किंवा ८५ नंबरच्या बसने मार्साशलोक. नऊच्या आत पोहोचा; अकरानंतर बाजारात फक्त पर्यटक आणि टी-शर्ट उरतात. लाटांवर डुलणाऱ्या निळ्या-पिवळ्या लुत्सू होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात, दर्यावरच्या संकटापासून राखण म्हणून. इथून परत व्हॅलेटाला येऊन ५१, ५२ किंवा ५३ ने इम्दिना गाठता येतं. तटबंदीच्या आतलं हे जुनं राजधानीचं गाव दुपारी टूर ग्रुपनी भरतं, पाचनंतर रिकामं होतं. म्हणून संध्याकाळीच जा, आणि शेजारच्या राबातमध्ये खाऊन विमानतळाकडे निघा.

बस. दोन दिवसांत एवढंच. देवळंही हवी असतील तर मार्साशलोक सोडा आणि २०१ नंबरची बस पकडा. ती विमानतळावरून निघून ब्लू ग्रॉटोच्या गुहा, हाजर ईमची देवळं, दिंगलीचे कडे करत राबातला जाते. ही बस फार वेळाने येते, एक चुकली की तासभर रस्त्यावर.

गोझो एका दिवसात करून यावं का?

तीन दिवस असतील तर जरूर. दोनच असतील तर माझं उत्तर नाही. लोक ऐकत नाहीत हेही मला माहीत आहे, म्हणून सांगते.

चिरकेव्वाहून इमजारला जाणारी मोठी फेरी रात्रंदिवस चालते, समुद्रातला प्रवास २५ मिनिटांचा. गंमत म्हणजे जाताना कोणी तिकीट मागत नाही, पैसे परत येताना गोझोला घेतात, माणशी पाच युरोंच्या आत. अडचण फेरीची नसून चिरकेव्वापर्यंतच्या बसची आहे. व्हॅलेटाहून ४१, ४२ किंवा स्लीमाहून २२२, कुठूनही तासभर सहज जातो, शनिवारी दीड. त्यापेक्षा व्हॅलेटाहून थेट गोझोला जाणारी वेगवान बोट घ्या, पाऊण तास. जोरदार वाऱ्यात आधी रद्द होते ती हीच.

गोझोत व्हिक्टोरिया या मुख्य शहरातला किल्ला, जगन्तियाची देवळं आणि रामलाचा लालसर वाळूचा किनारा, एवढं पुष्कळ झालं. जगन्तिया इसवी सनापूर्वी ३६०० च्या आसपासचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्या हजार वर्षं आधीचं. ज्या दगडी कमानीचे फोटो अजूनही जाहिरातींत दिसतात ती "अझूर विंडो" ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. द्वैराची ती जागा आजही सुंदर आहे, कमान मात्र नाही. टॅक्सीवाला "तिथे नेतो" म्हणाला तर काय बघायला नेतोय ते आधी विचारा.

ब्लू लगून बघायलाच हवं का?

पाणी खरंच तसं आहे, फोटो खोटे नाहीत. फोटोत नसते ती गर्दी. ती आवरण्यासाठी २०२५ पासून माल्टा आणि गोझोच्या मधल्या कोमिनो बेटाच्या या भागात उतरायला आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, विनामूल्य. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पहिल्या बोटीने जा आणि दहा-साडेदहाला निघा. कोमिनोवर झाडं नावालाच, सावली विकत घ्यावी लागते.

हायपोजियमचं तिकीट मिळतच नाही. काही उपाय?

हाल साफ्लिएनी हायपोजियम म्हणजे खडकात खोदलेलं जमिनीखालचं तीन मजली दफनस्थळ, १९०२ मध्ये घराचं बांधकाम चालू असताना सापडलेलं. माणसांच्या श्वासाने भिंतींवरचा लाल रंग खराब होतो म्हणून तासाला दहाच माणसं सोडतात. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हे बघा, उलट नको. अगदी शेवटचा मार्ग म्हणजे आदल्या दिवशीची थोडी तिकिटं. ती व्हॅलेटातल्या सेंट एल्मो किल्ल्यावर प्रत्यक्ष रांगेत मिळतात आणि महाग असतात. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटो काढता येत नाहीत. नाही मिळालं तर राबातमधली सेंट पॉलची भूमिगत दफनं बघा, तिकडे रांगही नसते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

माल्टात गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे भारतात गाडी चालवलेल्याला सोपं वाटतं. फसू नका. साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात चार लाखांहून जास्त वाहनं आहेत. पार्किंग शोधण्यात सहलीचा चांगला वेळ जातो. व्हॅलेटात तर गाडी म्हणजे गळ्यातलं लोढणंच.

बसचं भाडं हिवाळ्यात २ युरो, उन्हाळ्यात अडीच, आणि त्याच तिकिटावर दोन तासांत बस बदलता येते. कार्ड टेकवलं की काम होतं. थांब्यावर हात दाखवावा लागतो, नुसतं उभं राहिलात तर ड्रायव्हर तुम्हाला खांब समजून निघून जाईल. भरलेली बस थांबत नाही. विमानतळावरून व्हॅलेटाला एक्स ४. रात्री उशिरा उतरलात तर बोल्ट किंवा उबर बोलवा. ड्रायव्हर केरळचा किंवा पंजाबचा निघाला तर नवल नाही, अलीकडे तिथे भारतीय कामगार आणि नर्स मोठ्या संख्येने आहेत.

थांब्यांची नावं वाचायला घाबरवतात. एक्स दिसला की "श" म्हणा, निम्मं काम झालं.

आमची बोट रद्द झाली. असं नेहमी होतं का?

वाऱ्यावर आहे. माल्टात कुठे जायचं हे पत्रिका बघून नाही, वारा बघून ठरतं. फोनवरच्या हवामानात सूर्याचं चित्र बघून खूश होऊ नका, वाऱ्याची दिशा बघा.

सर्वांत जास्त वाहतो तो वायव्येचा मय्यिस्त्राल. तो असला की गोल्डन बे, आय्न तुफ्फीहा हे पश्चिमेचे किनारे खवळतात. मग आग्नेयेला, मार्साशलोकच्या बाजूला जा. तिथे सेंट पीटर्स पूल नावाची खडकातली पोहायची जागा शांत असते. ईशान्येचा ग्रिगाल बहुधा हिवाळ्यात येतो आणि बंदरातल्या फेरीबोटींचीही पंचाईत करतो. आग्नेयेचा श्लोक आला की सहाराची धूळ, दमट हवा आणि घाम. त्या दिवशी पश्चिमेचे किनारे बरे. ब्लू ग्रॉटोच्या गुहांत जाणाऱ्या छोट्या होड्या थोड्या लाटांनीही बंद ठेवतात, म्हणून सकाळी निघण्याआधी फोन करून विचारा.

किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. जांभळा बावटा म्हणजे जेलीफिश.

मुलं लहान आहेत. वाळूचा किनारा कुठला?

मेल्लिहाजवळचा आदिरा. लांबलचक, आणि पाणी बरंच आतपर्यंत गुडघाभर. स्लीमाचा किनारा नावालाच किनारा, तिथे खडक आणि शिड्या आहेत. मोठ्यांना मजा, मुलांचं खरचटतं.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. माल्टाचं रस्त्यावरचं खाणं म्हणजे पास्तित्सी. पापुद्र्यांची खारी असते तशा आवरणात रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. दुकान म्हणजे भिंतीतलं एक भोक, आत भलामोठा भट्टीचा ट्रे, बाहेर टॅक्सीवाले, शाळेतली पोरं आणि सुटाबुटातले वकील एकाच रांगेत. ज्याचे पापुद्रे मधोमध मिटलेले ते चीजचं, बाजूला मिटलेलं ते वाटाण्याचं. कागदात गुंडाळून देतात, कागद क्षणात तुपकट होतो, आणि पहिल्या घासाला जीभ भाजते. युरोच्या आसपास किंमत. दोन खाल्ले की जेवणाची गरज नाही. वाटाण्याच्या सारणात कधीकधी करी पावडरचा वास येतो, तेव्हा घरची आठवण होते. राबातमध्ये इम्दिनाच्या वेशीसमोरचं जुनं दुकान प्रसिद्ध आहे. कडक शाकाहारी असाल तर एक गोष्ट विचारून घ्या : पूर्वी हे पीठ डुकराच्या चरबीत मळत, आता बरेच जण मार्गारीन वापरतात, पण सगळे नाही.

हॉब्झ बिझ-झेय्त म्हणजे जाडजूड पावावर टोमॅटोची घट्ट चटणी, ऑलिव्ह तेल, केपर्स. त्यात टूना ठरलेली, "विदाउट टूना" सांगायला विसरू नका. बिगिल्ला हे कडधान्याचं लसूण घातलेलं वाटण, पावाला लावून खायचं. कापुनाता म्हणजे वांगी-टोमॅटोची भाजी, आपल्या तोंडाला अगदी जुळणारी. जबेय्ना हे गोझोचं छोटं गोल चीज, मिरीत घोळवलेलं घ्या. गोड म्हणून व्हॅलेटाच्या वेशीजवळ इमआरेत तळत असतात : खजुराचं सारण, बडीशेपेच्या जातीचा वास, वरून कुरकुरीत. किन्नी हे तिथलं कडवट संत्र्याचं थंड पेय, १९५२ पासूनचं. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसऱ्या बाटलीला सवय लागते.

मासे खाणाऱ्यांनी ऑगस्टअखेर ते डिसेंबर गेलात तर लाम्पुकी मागा. सशाचं कालवण हे तिथलं मानाचं जेवण. ते ज्याने त्याने आपापलं ठरवावं.

खर्च किती येईल?

विमान आणि खोली तारखेवर अवलंबून, त्याचा अंदाज देण्यात अर्थ नाही. बाकी खाणं, बस, फेरी आणि एखाद-दोन तिकिटं धरून दोन दिवसांचे माणशी १०० ते १५० युरो हाताशी असू द्या. सेंट जॉन्सचं तिकीट पंधरा युरोंच्या आसपास, हायपोजियमचं त्याच्या दुपटीहून जास्त. हॉटेलात रात्रीमागे थोडा पर्यावरण कर वेगळा घेतात. पैसे जपायचे असतील तर पाण्यासमोरच्या, फोटोवाला मेनू लावलेल्या हॉटेलांत बसू नका, दोन गल्ल्या आत शिरा.

भाषा, प्लग, पाणी, सिमकार्ड?

इंग्रजी ही तिथली अधिकृत भाषा आहे, माल्टीजच्या जोडीने. चलन युरो. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. जर्मनीहून येणाऱ्यांनी ॲडॅप्टर घ्यावा, लंडनवाल्यांना गरज नाही. नळाचं पाणी सुरक्षित, पण निम्म्याहून अधिक समुद्राचं गोडं केलेलं, चहाची चव बिघडते. युरोपीय संघातलं सिम तसंच चालतं. आणीबाणीला ११२.

सकाळी आठ वाजता बॉम्ब फुटल्यासारखे आवाज येत होते. काय होतं ते?

गावाची जत्रा. उन्हाळ्यात जवळजवळ दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावाच्या संताचा उत्सव असतो. सकाळपासून गरनाळांसारखे बार उडवतात, संध्याकाळी बँड आणि संताची मूर्ती खांद्यावरून मिरवत नेतात, रात्री शोभेची दारू. जवळपास उत्सव असेल तर झोपमोड झालीच आहे, संध्याकाळी बघायलाही जा. चौकात नुगाट नावाच्या मिठाईच्या गाड्या लागतात, आणि शेजारच्या गावापेक्षा आपली आतषबाजी किती भारी हे सांगायला कोणी ना कोणी भेटतंच.

शेवटच्या दिवशी बॅगा कुठे ठेवायच्या?

बहुतेक हॉटेलं दिवसभर ठेवून घेतात, भाड्याच्या घरांचे मालक नाही. बुकिंग करतानाच विचारा. व्हॅलेटात बॅगा ठेवायचे लॉकर मिळतात. रविवारी संध्याकाळी किनाऱ्यांवरून परतणाऱ्या गाड्यांनी रस्ते तुंबतात, आठ किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. राबातहून थेट विमानतळावर जाणार असाल तर बॅग सोबतच घेऊन फिरा, इम्दिनात चढ नाही.